लेक कॉलेज बुडवते, पण अभ्यासिकेत जाते

"ताई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. ह्यांचे चार यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. घरात बोलणं तेलुगूत, मुली शिकल्या मराठी शाळेत. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. थोरली दहावीला शाळेत पहिली आली म्हणून तिला दोन वर्षं लातूरला ठेवलं, माझे दागिने मोडले. पोरीनं चीज केलं. नीटला चांगले मार्क पडले, एमबीबीएसला इथंच नंबर लागला. पहिलं वर्ष पास झाली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. रोज सकाळी डबा घेऊन स्कूटीवर जाते, संध्याकाळी येते. मागच्या आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं: थिअरी ६१ टक्के, प्रॅक्टिकल ५४ टक्के, पालकांनी येऊन भेटावं. विचारलं तर आधी बोलेना. मग म्हणाली, 'अभ्यासिकेत बसते. ॲपवर सगळं आहे, वर्गात वेळ वाया जातो.' चौकशी केली तर खरंच, रोज तिथंच असते. हे भयंकर चिडलेत. म्हणतात, स्कूटी-मोबाईल काढून घेऊ, शिकायचं नसेल तर स्थळं बघू. माझे भाऊ म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरकडून कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट आणतो, प्रश्न मिटेल. पोरगी खोटारडी निघाली या विचारानं मला झोप लागत नाही. काय करू?"

एक आई, सोलापूर

ताई,

सर्टिफिकेटचं आधी सांगते, कारण तुमचे भाऊ कदाचित आजच त्या डॉक्टरांकडे जायचे. त्यांना थांबवा. डॉक्टरांसाठी २००२ साली जे आचारनियम झाले, त्यांत खोट्या दाखल्यावर सही करणाऱ्याचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्याची तरतूद आहे. त्याच नोंदवहीत उद्या तुमच्या लेकीचं नाव लागणार आहे. आणि नुसता व्यवहार पाहिला तरी या दाखल्याचा उपयोग नाही. कावीळ दाखवून दाखवून किती, तीन-चार आठवडे दाखवणार? तिच्या गैरहजेऱ्या कित्येक महिन्यांत विखुरलेल्या आहेत. शिवाय कागद तपासणारे स्वतः डॉक्टर असतात. कावीळ झालेली मुलगी त्याच पंधरवड्यात चार लेक्चरांना हजर कशी, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं. मग आज जी फक्त हजेरीची अडचण आहे, तिला उद्या फसवणुकीचं प्रकरण चिकटेल.

आता कॉलेजचं ते पत्र पुन्हा हातात घ्या. तुम्ही दोघांनी त्यात "हजेरी कमी" एवढंच वाचलंत. मी त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

मी बरीच वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. कंटाळा करणारी मुलं लेक्चर बुडवतात, पण प्रॅक्टिकलला येतात. प्रॅक्टिकलची बॅच लहान असते, गैरहजर माणूस लगेच डोळ्यांत भरतो, जर्नलवर सही घ्यायची असते. लेक्चर हॉलमध्ये शे-दीडशे मुलं असतात, तिथं कोण आलं नि कोण नाही याचा पत्ता लागत नाही. म्हणून सर्वसाधारण दांडीबहाद्दराची थिअरी घसरते आणि प्रॅक्टिकल शाबूत राहतं. तुमच्या लेकीचं नेमकं उलटं झालंय. जिथं मागच्या बाकावर गप्प बसून राहता येतं, तिथं ती त्यातल्या त्यात जास्त जाते. जिथं नाव घेऊन उभं करतात, हातात काचपट्टी देऊन "हे काय आहे, सांग" म्हणतात, तिथं जायचं टाळते. शिकणं तिला नकोसं झालेलं नाही. रोज डबा घेऊन अभ्यासिकेत दिवसभर बसणारी मुलगी आळशी कशी म्हणायची? चारचौघांत कुणी काही विचारलं तर काय होईल, याची तिला धास्ती आहे, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकूही शकतो, म्हणून पुढं तो पडताळायचा कसा तेही सांगते.

दुसऱ्या वर्षात हे उफाळून का येतं, ते समजून घ्या. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असे विषय असतात. पाठांतर भरपूर, पण बराचसा मामला पुस्तकाचा. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्मकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी येतात आणि सोबत वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होतात, आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास. खाटेभोवती बारा-पंधरा पांढरे कोट उभे राहतात. पुढं नेहमीचे तिघं-चौघं, बाकीचे त्यांच्या पाठीमागं. सर किंवा मॅडम येतात आणि पहिला प्रश्न असतो, "केस कुणी घेतली?", म्हणजे या रुग्णाची हकिगत कुणी विचारून घेतली. कुणीच बोललं नाही तर मग मागच्यांपैकी एकाकडे बोट जातं: तू सांग, या पेशंटच्या पायावर सूज कशानं आली असेल? उत्तर इंग्रजीत द्यायचं. रुग्ण तुमच्याकडे बघतोय, नातेवाईक बघतायत, वर्गमित्र बघतायत. उत्तर माहीत असलं तरी मराठी शाळेतून आलेल्या मुलीच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडेपर्यंत सरांची नजर पुढच्याकडे गेलेली असते. कधी एखादा बोचरा शेराही येतो, "नीट कशी पास झालीस गं?" असा. बोलणारा दुपारपर्यंत विसरून जातो, ऐकणारी मात्र दुसऱ्या दिवशी पोस्टिंगला येत नाही. तिसऱ्या दिवशी जायचं म्हटलं, तर काल का आली नाहीस याचंही उत्तर द्यावं लागणार असतं. अशी गाठ आवळत जाते आणि स्कूटी अभ्यासिकेकडे वळते.

अभ्यासिकेकडेच का, हेही बघा. हे जरा कडू लागेल, पण राग मानू नका. लातूरची दोन वर्षं आठवा. अकरावी-बारावीला तिचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात होतं ना? तिथं ती कितीदा गेली? बहुतेक ठिकाणी कॉलेज कागदावर असतं आणि दिवस जातो क्लास आणि अभ्यासिकेत. हे सगळ्यांना माहीत असतं, पालकांनाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सोळाव्या वर्षी आपण मुलांना शिकवतो की वर्ग हा हजेरीपुरता असतो आणि खरा अभ्यास म्हणजे खुर्ची, पुस्तक, दिवा आणि टेस्ट सिरीज. तिनं ते मनापासून पाळलं आणि जिंकली. त्या दोन वर्षांत तिनं हजारो प्रश्न सोडवले असतील, पण माणसांसमोर उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर तोंडी द्यायची वेळ तिच्यावर क्वचितच आली असेल. आता बावरल्यावर जिथं आपण हुशार ठरलो होतो त्या जागी ती परत जाऊन बसली आहे. तुमच्या लेखी ती खोटारडी आहे. मला विचाराल तर ती शरमली आहे. तुम्ही मोडलेले दागिने तिला माहीत आहेत. "मला वॉर्डात उभं राहायची भीती वाटते" हे वाक्य त्या दागिन्यांसमोर उच्चारणं तिला जमलं नाही.

"वर्गात वेळ वाया जातो" असं ती म्हणते, त्यात तथ्य नाही असंही समजू नका. काही लेक्चरं खरोखर पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवण्यापलीकडे जात नाहीत, आणि तेच ॲपवर दुप्पट वेगानं, हवं तिथं थांबवून ऐकता येतं. मुलांची ही तक्रार रास्त आहे आणि शिकवणाऱ्यांनी ती ऐकायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण वॉर्डाला ॲपचा पर्याय नाही. वाढलेली प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) कशी तपासायची याचे उत्तम व्हिडिओ आहेत. हात पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला ठेवून डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायचा, हे त्यात दिसतं. पण रुग्णानं श्वास आत घेतल्यावर ती कड बोटांच्या टोकांना येऊन टेकते, तो स्पर्श पडद्यावरून कळत नाही. तो एकदा बोटांना कळावा म्हणून पाच-सात पोटांवर हात ठेवून काहीही न लागल्याचा अनुभव घ्यावा लागतो. तिनं लेक्चर बुडवलं तर मी एकवेळ समजून घेईन, वॉर्ड बुडवला तर नाही.

नियमाचं म्हणाल तर थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी असल्याशिवाय आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. आता हिशेब करा. समजा आजवर १०० लेक्चरं झाली आणि ती ६१ ला हजर होती. ७५ टक्क्यांवर यायला तिला पुढची ५६ लेक्चरं एकही न चुकवता करावी लागतील. प्रॅक्टिकलचं गणित फार कठीण आहे. १०० तासांपैकी ५४ तास हजेरी असेल, तर ८० टक्क्यांसाठी पुढचे १३० तास सलग हजर राहावं लागेल. म्हणून आधी हे पाहा की परीक्षेपर्यंत असे तास उरलेत का, आणि कुठल्या विषयात किती. पत्रातला आकडा एकत्रित आहे, तेव्हा कॉलेजकडून विषयवार आणि महिनावार हजेरी मागून घ्या. एकाच विषयात मोठी तूट असेल तर त्या विभागात काहीतरी घडलंय. ठरावीक महिन्यापासून सगळंच कोसळलं असेल तर त्या महिन्यात काय झालं ते विचारा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस दांडी पडली तर ती लगेच ओळखू येते, तिची काळजी करू नका.

तिच्याशी बोलायचं ते हा कागद हाती आल्यावर. मागांच्या खडखडाटात नको, जेवताना धाकट्या बहिणीसमोर तर मुळीच नको. तुम्ही एकट्या बोला, आणि तेलुगूत बोला. "का जात नाहीस?" असं विचारलंत तर ती पुन्हा ॲपचंच सांगेल. त्याऐवजी एका दिवसाबद्दल विचारा: "शेवटचं वॉर्डात गेलीस तो दिवस कसा होता? कोण होतं, काय विचारलं, तू काय म्हणालीस?" माणूस कारण सांगायला कचरतो, घडलेलं सांगायला तितका कचरत नाही. मधे बोलू नका, रडली तर रडू द्या.

त्या गोष्टीत माझ्या अंदाजापेक्षा वेगळंही काही निघेल. जखम किंवा रक्त पाहून चक्कर आली असेल, ते बऱ्याच जणांना सुरुवातीला होतं आणि सवयीनं जातं. पाळीत असह्य दुखत असेल. कुणी त्रास देत असेल, वरच्या वर्गातली मुलं किंवा आणखी कुणी. तसं असेल तर हजेरीचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची लेखी तक्रार करायची. रॅगिंगसाठी १८०० १८० ५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे.

आणि एक शक्यता अशी आहे की जिच्यासाठी तुम्ही डोळे उघडे ठेवायलाच हवेत. ती अभ्यासिकेत बसते खरी, पण अभ्यास होतो का? रात्री झोपते का? जेवण तुटलंय का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्यात का? "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", "मी नसते तर बरं" असलं काही बोलते का? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली होती. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं आणि १६.२ टक्के मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले होते. म्हणजे सहांपैकी जवळपास एकाच्या. असं काही जाणवलं तर हजेरी, परीक्षा, वर्ष, सगळं दुय्यम. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि तिला एकटं ठेवू नका. "टेलि-मानस" या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्यानं डॉक्टर होण्यात आडकाठी येते ही समजूत साफ चुकीची आहे.

तसं नसेल आणि भीती बोलण्याचीच असेल, तर तिला माझा एक निरोप द्या. वॉर्डात सगळ्यात सुरक्षित जागा "केस घेतलेल्या" विद्यार्थ्याची असते. मागं लपणाऱ्याला कुठलाही प्रश्न कुठूनही येतो. केस घेणाऱ्याच्या हातात लिहिलेला कागद असतो आणि त्या रुग्णाबद्दल त्या क्षणी त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पोस्टिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी जायचं, एक रुग्ण निवडायचा, फक्त त्याची हकिगत विचारून लिहून काढायची आणि सर आले की आपणच म्हणायचं, "केस मी घेतली आहे." केस मांडायची इंग्रजी वाक्यं ठरलेली असतात, दर रुग्णाला तीच. आरशासमोर आठवडाभर म्हटली तर जीभ वळते. पुढचं एखादं उत्तर अडलं तर अडू दे. केस घेणाऱ्याला सहसा कुणी टाकून बोलत नाही.

आणि यात तुमची लेक मागं नाही, पुढं आहे. सोलापुरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डात मराठीइतकंच कानडी, तेलुगू, हिंदी ऐकू येतं. धाप लागलेली, पूर्व भागातली एखादी आजी खाटेवर असते. तिला धड मराठी येत नाही, आणि मुंबई-नागपूरहून आलेली हुशार मुलं "व्यवसाय: गृहिणी" लिहून मोकळी होतात. तुमची मुलगी तिच्याशी तेलुगूत बोलेल. विड्या वळता का, रोज हजार होतात का, तंबाखू झोपायच्या खोलीतच ठेवता का, पानं भिजवून कापायला किती वेळ ओल्यात बसता, हे तिला सुचेल, कारण तिनं हे सगळं आजीच्या मांडीशी बसून पाहिलंय. त्या उत्तरांनी केसची दिशा बदलू शकते. घरातलं जे तेलुगू तिला कदाचित कॉलेजात लपवावंसं वाटत असेल, त्यानंच तिला वॉर्डात पाय रोवता येईल.

आता यजमानांसाठी दोन शब्द, हे त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. दादा, तुमचा राग मी समजू शकते, खर्चाचा भार तुम्ही उचलताय. पण स्कूटी काढून घेतलीत तर तिचं कॉलेजला जाणं आणखी अवघड होईल. मोबाईल काढलात तर वर्गाच्या गटावर येणारी पोस्टिंगची वेळापत्रकंही जातील. आणि लग्नाची धमकी पुन्हा देऊ नका. ज्या मुलीला आपण नापास ठरू अशी भीती आहे, तिला घरानंही नापास ठरवल्यासारखं होतं ते. पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न मिळतात, तो टप्पा तिनं ओलांडलाय. अख्ख्या अभ्यासक्रमाला प्रवेशापासून नऊ वर्षांची मुदत असते. अगदी वाईटात वाईट म्हणजे ती या परीक्षेला मुकेल आणि पुढच्या परीक्षेला बसेल. तेवढा वेळ जाईल. घरात लेकीचं तोंड कायमचं बंद झालं, तर ते नुकसान त्याहून मोठं.

कॉलेजच्या भेटीला तिघं मिळून जा. बोलावणं पालकांना असलं तरी तिला सोबत न्या. आदल्या दिवशी तिच्याकडून मेंटॉरचं नाव विचारून घ्या. आता वैद्यकीय कॉलेजांत विद्यार्थ्यांना मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेले असतात, पण बरीच मुलं त्यांना वर्षभर भेटतच नाहीत. विभागप्रमुखांच्या आधी त्यांना भेटा. तिथं तीन गोष्टी मागायच्या: विषयवार हजेरी, बुडालेली प्रॅक्टिकलं आणि पोस्टिंग भरून काढायची संधी, आणि शक्य असेल तर काही दिवस एखाद्या शांत स्वभावाच्या शिक्षकांच्या बॅचमध्ये जागा. पहिल्या दोन्हींसाठी अर्ज तिच्या हस्ताक्षरात, तिच्या सहीनं द्यायचा, आणि त्यात कावीळ नको, जे खरं आहे ते चार ओळींत लिहायचं. सर विचारतील, "का येत नव्हतीस?" तेव्हा ती गप्प राहिली, पाच मिनिटं गप्प राहिली, तरी तुम्ही दोघांनी तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. मराठीत सांगितलं तरी चालेल एवढं मात्र तिला आधीच सांगून ठेवा.